वीणा खाली ठेवायची नाही

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. बोललं की खालचा टाळ ऐकू येत नसे. घर डोंगराच्या उतरणीवर, खाली नदी आणि नदीवर धरणाचा बांध. बांध दोन्ही अंगांनी पुरा होत आला होता. मधे एक खिंडार तेवढं ठेवलं होतं, नदी वाहायला. त्याला सगळे घळ म्हणत. ती घळ मातीनं भरली की नदी अडणार आणि येत्या पावसाळ्यातच पाणी चढत चढत आमच्या उंबऱ्याला लागणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. डंपर माती घेऊन ज्या रस्त्यानं घळीकडे उतरायचे, नेमका त्याच रस्त्यावर गावानं मांडव घातला होता आणि मांडवात अखंड हरिनाम सप्ताह बसवला होता. टाळ वाजतोय तोवर घर आपलं, असा सरळ हिशोब. आई भाकरी थापता थापता मधेच हात थांबवायची. "मंगल, टाळ थांबला का गं?" मी दारात जाऊन कान द्यायचे. "न्हाई, वारं फिरलंय." मग पुन्हा थापा सुरू. तव्यावरची भाकरी तोवर करपलेली असायची आणि करपलेली भाकरी माझ्या वाट्याला.

आता मी सारोळ्यात राहते. हायवेला लागून माझा केटरिंगचा धंदा आहे. लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, काय म्हणाल ते. सकाळी आधी यादी, मग चहा. पाठीमागं पातेली, झारे, बायकांच्या गप्पा, गॅसच्या शेगड्या यांचा सतत गोंगाट असतो. तो एकदम थांबला की मी हातातलं टाकून आत धावते. कामावरच्या बायकांना वाटतं, मालकिणीला कुणी हात हलवायचा थांबलेला खपत नाही. तेही खरं आहे म्हणा. पण मूळ कारण ते नाही.

सप्ताहाची कल्पना आईची, पण गावात ती दादांची म्हणून गेली. दादा म्हणजे माझे वडील. पुनर्वसनाची जमीन सारोळ्याकडं, कालव्यानं भिजणारी देणार असं सांगून झालं होतं. पण कुणाला कुठला तुकडा, याची यादी काही लागत नव्हती. निवेदनं दिली. वेल्ह्याला मोर्चा नेला. मोर्च्यात रेटारेटी झाली, पाचसात जणांवर केसेस झाल्या, त्यात दादा. तारखेच्या दिवशी ते पांढरी टोपी घालून एसटीनं भोरच्या कोर्टात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. अशाच एका संध्याकाळी आई चुलीपुढून म्हणाली, "मोर्चाला जमावबंदी लावत्यात. सप्त्याला कोण लावंल?" दादा म्हणाले, "सप्ता देवळात असतोय." आई म्हणाली, "देऊळ बुडणार हाय. देव जरा खाली येऊन बसला, म्हणून काय बिघडतंय?" दादांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी पारावरच्या बैठकीत त्यांनी हेच शब्द बोलून दाखवले आणि लोकांनी त्यांची पाठ थोपटली. आईला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. बाईचं म्हटल्यावर निम्मी टाळकी हलली असती."

एक टाळकं तरीही हललं, ते तात्यांचं. तात्या माझे चुलत आजोबा, म्हणजे आईचे चुलत सासरे. गळ्यात माळ, वाळका देह, नियमाला कडक. गावातल्या सप्ताहात वीणा त्यांच्याच घरून यायची. ज्यांनी कधी सप्ताह पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या दिवशी वीणा उभी राहिली, की शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन होईपर्यंत ती खाली ठेवत नाहीत आणि थांबवत नाहीत. ती कुणाच्या तरी गळ्यात असते, तो माणूस उभाच असतो, बोटं तारेवर आणि मुखी नाम. दोन तासांनी दुसरा माणूस येतो, याला पहारा म्हणतात. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा काही बघायचं नाही. नातू असला तरी आजोबानं त्याच्या पायाला हात लावायचा. आमच्याकडे आणखी एक नियम होता. बाईनं वीणा धरायची नाही. का, ते कुणी विचारत नसे.

तात्या बैठकीत म्हणाले, "देवाला पुढं करून आपुन मागं लपायचं? सप्ता म्हंजी काय ढाल हाय व्हय?"  मग तेच म्हणाले, "करायचा तर खरा करा. समदे नेम पाळून. वीणा भुईला लागली, न्हाईतर नेमात खोट आली, तर म्या सोता सायबाला जाऊन सांगीन, मोडला आमचा सप्ता, टाक तुझी माती." सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्या बोलल्याप्रमाणे करणार याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. साहेबांपेक्षा आम्ही तात्यांना जास्त भीत होतो ते यामुळे.

साहेब म्हणजे धरणावरचे इंजिनिअर. शर्टाच्या कॉलरआडून त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसायची. पहिल्याच दिवशी ते मांडवापाशी आले, बूट काढले, वीणेच्या पाया पडले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चालू सप्ताह मोडून मी एक घमेलं माती टाकणार नाही. पण वीणा खाली ठेवलीत, की त्याच मिनिटाला माझे डंपर सुरू. मलाही वर उत्तर द्यायचं आहे." माणूस सरळ होता. इतका, की मांडवातल्या दिव्याला आणि कर्ण्याला त्यांच्याच जनरेटरवरून वायर दिली होती. घळ भरू नये म्हणून चाललेलं नामस्मरण घळ भरणाऱ्यांच्या विजेवर खोऱ्यात घुमत होतं. दुपारच्या पंगतीला डंपरचे ड्रायव्हरही बसायचे. "आमटी वाढा की माय," म्हणायचे. आई वाढायची आणि म्हणायची, "पोटभर खावा. झोप लागली पायजे."

सात दिवस झाले, तेव्हा काल्याचं कीर्तन करायला आलेल्या बुवांना गावानं हात जोडून परत पाठवलं. काला झाला की सप्ताह संपला. मग काला करायचाच नाही. मृग जवळ येत होता. नदीला एकदा लाल पाणी आलं, की घळ भरता येत नाही, काम सरळ पुढच्या उन्हाळ्यावर जातं. तेवढं एक वर्ष हवं होतं, यादी लागेपर्यंत. नाहीतर घर पाण्यात आणि आम्ही कुणाच्या तरी शाळेच्या व्हरांड्यात. माझी दहावी नुकतीच झाली होती. भोरच्या कॉलेजात जायचं माझ्या मनात होतं, पण ज्या घरात पुढच्या महिन्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, तिथं मी कॉलेजचं काय काढणार?

माझं अक्षर बरं, म्हणून पहाऱ्याची यादी माझ्याकडं होती. शाळेचा एक फळा मांडवाच्या खांबाला बांधला होता आणि त्यावर रोज खडूनं नावं लिहायची. पंगतीचं आईकडं. आज कुणाच्या घरचा भात, कुणाची आमटी, भाकऱ्या कुठून येणार. कांदा-लसूण नाही, त्यामुळं त्या आमटीला काळ्या मसाल्याचाच काय तो आधार. लोक कंटाळले होते. एक म्हातारा हळूच म्हणाला, "सायेब न्हाई हारणार, ही आमटी आपल्याला हारवणार." हसलो सगळे, पण ते हसणंही कान टाळाकडं ठेवूनच.

बौद्धवस्तीतली घरं नदीच्या जास्त जवळ, म्हणजे आमच्याही आधी बुडणारी. त्यांच्याकडच्या शांताकाकू पहिल्या दिवशी आईला म्हणाल्या, "वैनी, तुमचा देव तुमाला. आमी आमची वंदना म्हणू. मांडवाची एक बाजू द्या." तेव्हापासून एका अंगाला वीणा, टाळ, मृदंग, आणि दुसऱ्या अंगाला निळ्या सतरंजीवर मेणबत्त्या आणि सकाळ-संध्याकाळ वंदना. एकदोघांनी नाकं मुरडली. शांताकाकू त्यांना म्हणाल्या, "डंपरला कळतंय का, कुठली माती कुणाच्या घरावर टाकायची ते?" 

आता तो दिवस. सकाळी निरोप आला की, जमिनीच्या वाटपाबद्दल बोलायला पुण्याहून मोठे अधिकारी वेल्ह्यात येणार आहेत, गावातले चार जण पाठवा. चार नावं ठरली. टेम्पो आला. चार जण बसले आणि मग जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. पाचवा म्हणाला, "हे चौघं आपापल्या पुरता कालव्याकाठचा तुकडा बघतील. माझं कोण बोलंल?" तो चढला. त्याला चढलेला बघून त्याचा भाऊबंद चढला. दोघांचा शेताच्या बांधावरून वाद होता, तेव्हा एक गेल्यावर दुसरा मागं कसा राहील? मग मृदंगवाला. मग टाळकरी. मिनिटभरात टेम्पोत पाय ठेवायला जागा राहिली नाही. दादा शेवटी फळकुटावर उभे राहिले, दोरीला धरून. मी ओरडले, "दादा, दुपारचा पहारा तुमचा हाय!" ते म्हणाले, "त्याच्या आत येतो की!" आणि टेम्पो धुरळा उडवत गेला. जीव जातोय की राहतोय अशा वेळीही आमची माणसं शेजाऱ्याला चांगला तुकडा मिळेल या भीतीनं टेम्पोत चढली. मला त्यांचा राग येत नाही. जमीन एकदाच मिळणार होती.

मांडवात राहिल्या बायका, पोरं आणि वीणा गळ्यात घेतलेले तात्या.

त्यांचा पहारा संपायची वेळ झाली, टेम्पो नाही. अर्धा तास गेला, नाही. मी फळ्याकडं बघायचे आणि रस्त्याकडं बघायचे. फळ्यावर तात्यांच्या नावाखाली दादांचं नाव, त्याखाली जे नाव तेही टेम्पोत, त्याखालचंही. मीच लिहिलेली नावं, एकेक वाचत खाली गेले, एकही माणूस गावात नव्हता. तात्यांच्या पायांना आधीच सूज. आता नडग्या लाकडासारख्या फुगल्या होत्या आणि ते एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होते. वीणेची तार वाजत होती, पण मधे मधे बोट चुकत होतं. बायका टाळ वाजवत होत्या आणि अभंगाच्या मधल्या जागेत एकमेकींशी कुजबुजत होत्या.

"बाकडं द्या त्यास्नी."

"बसून चालत न्हाई बाई."

"मंग काय पडू द्यायचं?"

"सायबाची जीप आली बगा."

खरंच वरच्या वळणावर जीप दिसली. पुढं साहेबांच्या शेजारी त्यांचा मुकादम बसलेला. गावातली पुरुषमाणसं गेल्याचं त्याच्या कानावर गेलेलं असणार, कारण मागं दोन डंपर इंजिन चालू करून उभे होते. तो आवाज मला आजही वेगळा काढून दाखवता येईल. शांताकाकू आपल्या सतरंजीवरून उठल्या. त्यांच्या वंदनेला अजून संध्याकाळ व्हायची होती. त्या आमच्या बाजूला आल्या, तात्यांकडं बघितलं आणि बायकांना म्हणाल्या, "म्या धरली असती. पण माझा नेम येगळा हाय, तो म्या मोडणार न्हाई. तुमचा तुमी बगा. तवर रस्ता आमी बगतो." आणि आपल्या बायका घेऊन डंपरच्या वाटेवर उन्हात मांडी घालून बसल्या. मेणबत्त्या त्या उन्हात वाकत होत्या. त्यांची वंदना सुरू झाली, सावकाश, एका सुरात.

आई तेवढ्यात डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन उतरत होती. तिनं वरूनच सगळं बघितलं असावं. पाटी खाली ठेवली. रांजणातलं पाणी घेतलं, हातपाय धुतले, तोंडावरून हात फिरवला. पदर डोक्यावर घट्ट घेतला आणि कमरेला खोचला. आई तात्यांसमोर कधी उभी राहून बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की "मंगल, आजोबास्नी सांग" असं म्हणायची, ते दोन हातांवर बसलेले असले तरी. ती सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तात्या, द्या."

तात्यांनी मान हलवली. नाम तोंडात चालू होतं, बोलता येत नव्हतं. डोळ्यांनी म्हणाले, नाही.

"तुमी पडला तर वीणा तुमच्यासंगं पडंल. मंग जाऊन सांगणार सायबाला? सांगा. पर आधी मला घिऊ द्या. मंग काय सांगायचं ते सांगा."

 आईनं आपल्या हातानं वीणेचा पट्टा त्यांच्या मानेवरून उचलला. तार एका क्षणासाठीही थांबली नाही. त्यांचं बोट तारेवर होतं तोवर तिचं बोट तारेवर आलं होतं. पट्टा तिच्या गळ्यात पडला. तिनं वाकून तात्यांच्या पायांना हात लावला. तात्या नुसते उभे. हात मोकळे झालेले, काय करावं कळत नसल्यासारखे.

जीप थांबली. मुकादमानं खाली उतरायच्या आधीच बघितलं. "साहेब, बाईच्या गळ्यात वीणा! ह्यांच्यातच चालत न्हाई ते. मोडला ह्यांचा सप्ता, आता कशाला थांबायचं?" बायकांचे टाळ हळू झाले. आई डोळे मिटून उभी होती, तिचं नाम मात्र मोठ्यानं चाललं होतं, जरा बेसूर. तिला गाता येत नसे. साहेब मांडवाच्या कडेला आले. बूट काढायला वाकले, मग थांबले. "तात्या," ते म्हणाले, "तुमच्या नियमातलं मला कळत नाही. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. सप्ताह चालू आहे, की मोडला?"

मी त्या वेळी देवाला काही मागितलं नाही. लोकांना वाटतं, अशा वेळी माणूस मागणं मागतो. मला तात्यांच्या पायांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. सुजलेले, भेगाळलेले, धुळीनं माखलेले पाय. ते पाय हलले. त्यांनी एक हात खांबाला धरला, गुडघे वाकवले, आणि एवढ्या मोठ्या आवाजात कण्हले की टाळातूनही ऐकू आलं. खांब सोडला. आणि नेमाप्रमाणे आपल्या सुनेच्या दोन्ही पायांना हात लावून तो हात कपाळाला नेला. बायकांपैकी कुणीतरी "आगं बया" म्हणालं. तात्यांना उठता येईना. मी आणि आणखी एकीनं धरून उठवलं.

"पहारा बदललाय सायेब," ते म्हणाले. "दुसरं काय न्हाई झालं."

साहेबांनी बूट काढले. आत येऊन आईच्या पाया पडले, आणि जाताना मुकादमाला म्हणाले, "इंजिनं बंद करायला सांगा. डिझेल फुकटचं नाही." शांताकाकूंनी वंदना अर्ध्यात सोडली नाही. पूर्ण म्हणून मगच रस्त्यावरून उठल्या. तात्या पाय पसरून बाकड्यावर बसले होते. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देत म्हणाल्या, "दमला तात्या?" तात्या म्हणाले, "वाकायची सवय न्हाई ऱ्हायली."

टेम्पो ऊन उतरल्यावर आला. मोठे अधिकारी आलेच नव्हते, दुसऱ्या कुणीतरी "पावसाळ्यानंतर बघू" असं सांगून वाटेला लावलं होतं आणि परतीच्या सगळ्या वाटेवर आमची माणसं कालव्याकाठच्या, अजून कुणालाच न मिळालेल्या तुकड्यांवरून भांडत आली होती. दादा धावतच मांडवात शिरले आणि जागच्या जागी थांबले. मग हात पुढं करून, घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाले, "आण इकडं." आई नाम न थांबवता मान हलवत राहिली. नामाच्या मधल्या श्वासात एवढं बोलली, "माझा पहारा हाय. संपला की बोलावते." मांडवातल्या बायका अशा हसल्या, की टाळांचा ठेका चुकला. हे हसणं कान कुठंही न ठेवता होतं, गेल्या कितीतरी दिवसांतलं पहिलं. त्यानंतर मी फळ्यावर बायकांची नावंही लिहू लागले. तात्यांनी फळा वाचला, खोकले, आणि म्हणाले, "अक्षर मोठं काढ की जरा."

मी धंद्यात देवाधर्माच्या पुष्कळ पंगती उठवल्या, पुष्कळ सप्ताहांना स्वयंपाक केला. देवाला ढाल करावी का, या तात्यांच्या प्रश्नाला माझ्याकडं अजून नीट उत्तर नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या मांडवात कुणी देवापुढं उगीच उभं नव्हतं.

नदीला लाल पाणी आलं तेव्हा वीणा तात्यांच्या नातवाच्या गळ्यात होती. घळ उघडीच राहिली. दुसऱ्या दिवशी बुवांना बोलावून काला केला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यादी लागली, सारोळ्याकडची जमीन मिळाली, सगळ्यांना मनासारखी नाही, पण मिळाली. मग घळ भरली आणि गाव गेलं, त्याचं इथं लिहीत नाही. मधलं एक वर्ष मात्र आमचं होतं. भोरच्या कॉलेजात नाव घालून मी त्या वर्षीच्या आषाढात घरी आले, तेव्हा आई आणि शांताकाकू खालच्या खाचरात भात लावत होत्या. सरकारी कागदावर त्या खाचराचा तलाव झालेला होता. मी पायातल्या चपला बांधावर काढल्या आणि त्यांच्या रांगेत उतरले. पाणी आमच्या गुडघ्यांपर्यंतच होतं.